गाळ कुणी काढायचा?

मुलगी बॉस्टनजवळ राहते. तीन मजली लाकडी घर, त्यातला मधला मजला भाड्याने घेतलेला. हिवाळ्यात तिचा फोन आला की निम्मं बोलणं बर्फावरच होतं. किती पडला, गाडी कशी गाडली गेली, नातवाच्या शाळेला सुट्टी मिळाली का. अशाच एका फोनवर मी सहज विचारलं, "जिन्यावरचा बर्फ कोण काढतं गं? जावईबापू?" (जावयाची पाठ दुखते, म्हणून विचारलं.) ती म्हणाली, "नाही बाबा. जिना तिन्ही बिऱ्हाडांचा आहे ना, तो मालकानेच काढायचा. इथे तसा नियमच आहे."

मग तिने नियम समजावून सांगितला. मॅसॅच्युसेट्स राज्याची आरोग्यसंहिता आहे, तिच्यात बर्फाचा उल्लेख आहे. घरातून बाहेर पडायच्या वाटा, बाहेरचे जिने, गॅलऱ्या हे सगळं मालकाने बर्फापासून मोकळं ठेवायचं. हे काम भाडेकरूवर टाकायचं असेल तर दोन गोष्टी लागतात. एक, ती वाट त्या भाडेकरूच्या एकट्याच्या वापराची हवी, दुसऱ्या कुणाची नको. आणि दुसरी, तसं लेखी करारात हवं. तोंडी नाही, 'आपली पद्धतच आहे' असं नाही. लेखी.

"आपल्याकडे कसं आहे हो बाबा?" तिने विचारलं.

मी म्हटलं, आपल्याकडे बर्फ कुठला पडायला! आणि विषय बदलला. पण तो प्रश्न काही मनातून गेला नाही. कारण आपल्याकडे कसं आहे ते मला चांगलंच ठाऊक होतं, २०२० च्या ऑक्टोबरपासून.

पंढरपुरात बर्फ पडत नाही, पण भाड्याच्या घराच्या दारात आणि घरात जे आपोआप येऊन पडतं, जे कुणी मागवलेलं नसतं आणि जे कुणालातरी काढावंच लागतं, असं एक आहे. ते वरून पडत नाही, खालून येतं. नदीचा गाळ! पावसाळा चढला की उजनी आणि वीर धरणांतून पाणी सोडतात. वीरचं पाणी नीरेतून येतं, नीरा-नृसिंहपूरला भीमेला मिळतं आणि मग सगळं मिळून आमच्या चंद्रभागेत. आधी वाळवंट जातं, मग पुंडलिकाचं देऊळ पाण्यात जातं, मग घाटाच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा होतात. त्यानंतर व्यासनारायण झोपडपट्टी, अंबिकानगर आणि घाटांना लागून असलेले आमचे बोळ. क्युसेकचे आकडे आम्हाला पंचांगासारखे पाठ असतात.

पूर येतो तेव्हा सगळे हळहळतात. फोटो छापून येतात. पाणी उतरलं की हळहळ संपते आणि गाळ राहतो. चंद्रभागेचा गाळ ज्याने काढला नसेल त्याला सांगून कळायचं नाही. काळा, चिकट, फावड्याला धरून बसणारा. त्यात गटाराचं पाणी, संडासाच्या टाकीतलं सगळं, काचा, निर्माल्य, मेलेली घूस. कधी जिवंत सापसुद्धा. बर्फ आपला ऊन लागलं की वितळून तरी जातो. गाळ ऊन लागलं की घट्ट होतो. घाटाजवळचे जुने लोक पाणी पूर्ण उतरायची वाट बघतच नसत. पाणी घोट्याइतकं असतानाच खराटा घेऊन उभे राहायचे आणि खालचा गाळ ढवळत राहायचे, म्हणजे उतरत्या पाण्याबरोबर तो निघून जायचा. ती वेळ साधली तर दोन तासांचं काम. दुसऱ्या दिवशी तेच काम फावड्याचं, आणि दोन दिवस ऊन लागलं की सब्बल लागते. म्हणजे 'कुणी काढायचा' या प्रश्नाचं उत्तर पाणी यायच्या आधीच ठरलेलं हवं. पाणी उतरल्यावर बैठक घालून ठरवू म्हटलं तर गाळ काही थांबत नाही.

आणि आमच्याकडे नेमकं तेच ठरलेलं नसतं.

माझ्या वडिलोपार्जित घरात दोन भाडेकरू आहेत. मागच्या दोन खोल्यांत १९७४ पासून एक कुटुंब आहे, भाडं महिना साठ रुपये. पुढच्या खोलीत तुळशीच्या माळा ओवून विकणारं एक कुटुंब, अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सच्या कागदावर, महिना साडेतीन हजार. बोळ, चौक आणि चौकाच्या कोपऱ्यातला संडास दोघांचा सामाईक. मी आणि आमची मंडळी वरच्या मजल्यावर. आमचा जिना रस्त्याच्या बाजूने, वेगळा. ही गोष्ट मुद्दाम सांगतोय, कारण सगळी मेख तिथे आहे. पाणी माझ्या उंबऱ्यापर्यंत कधी येतच नाही.

२०२० चं वर्ष कसं होतं ते आठवतंय ना? मार्चपासून देऊळ बंद. आषाढीला वारकरी नाहीत. माळा घ्यायच्या कुणी? पुढच्या कुटुंबाचं भाडं मी एप्रिलपासून निम्मं केलं होतं. चांगलं केलं असं मला वाटत होतं, आणि त्याचा थोडा ताठाही आला होता, आता कबूल करायला हरकत नाही. ऑक्टोबरच्या मध्यात तो मोठा पाऊस झाला. १४ तारखेला कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण गेले. सगळं गाव सुन्न होतं, नगरपरिषद, पोलीस, तहसील सगळे तिकडे गुंतलेले. लगेच नदीला पूर आला, आमच्या चौकात मांडीएवढं पाणी. दोन्ही कुटुंबं जवळच्या एका मठात जाऊन राहिली. पाणी उतरलं, दोघांनी येऊन आपापल्या खोल्यांतला गाळ काढला. भांडी धुतली, गाद्या फेकल्या. चौकातला, बोळातला आणि संडासापुढचा गाळ तसाच.

पुढचे म्हणाले, "सर, आमची खोली आम्ही काढली. चौक तुमचा." मागचे म्हणाले, "बोळाने ये-जा जास्त पुढच्यांची, त्यांनी काढावा." आणि मी वरून म्हणालो, "मी का तिथे राहतो? वापरता तुम्ही." मनात असं होतं की सहा महिने निम्मं भाडं सोडलंय, मागच्यांना तर साठ रुपयांत ठेवलंय, एवढं तरी यांनी करावं! असे दोन दिवस गेले. दोन दिवसांत ऊन पडलं. गाळाला वरून पापडी धरली, खाली लोणी. तिसऱ्या दिवशी पहाटे मागच्या घरातल्या म्हाताऱ्या आजी संडासला जायला निघाल्या, पापडीवर पाय दिला आणि पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. आजी आहेत अजून, वॉकर धरून चौकापर्यंत येतात, पण त्या आधी रोज प्रदक्षिणेला जायच्या. ते बंद झालं.

गाळ त्याच दिवशी दुपारी निघाला. मी दोन माणसं लावली, आठशे रुपये दिले. आठशे रुपये! दोन दिवस आम्ही तीन घरं ज्यावरून एकमेकांकडे बघत नव्हतो त्याची किंमत.

दवाखान्यात बसलो असताना मला लोकांनी काय काय सांगितलं! बहुतेक सगळे मालकच होते. "सर, तुमचा काय दोष? निसर्गाचा कोप. नदीने आणलेला गाळ, त्याला मालक काय करणार?" हे वाक्य मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. आता मात्र ते ऐकलं की डोकं फिरतं. गाळ नदीने आणला हे खरं, पण तिसऱ्या दिवशी तो चौकात होता तो नदीमुळे नव्हे. पहिला दिवस निसर्गाचा. दुसरा आणि तिसरा माझा.

गंमत म्हणजे मुलीच्या त्या मॅसॅच्युसेट्समध्येही शंभराहून जास्त वर्षं हाच युक्तिवाद चालायचा. आपोआप साठलेल्या बर्फावरून कुणी पडलं तर जागेचा मालक जबाबदार नाही. माणसाच्या कृतीने साठला असेल तरच जबाबदार, असा तिथल्या कोर्टांचा दंडक होता. मग वकील मंडळी बर्फाची कुळी शोधत बसायची, की हा आकाशातून पडलेला का छपराच्या पन्हळीतून गळून गोठलेला? एका मॉलच्या पार्किंगमध्ये घसरून पडलेल्या माणसाच्या खटल्यात, २०१० साली, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा भेदच मोडीत काढला. बर्फ कुठून आला हे विचारू नका; मालकाने त्या परिस्थितीत वाजवी काळजी घेतली का, ते विचारा. आमच्या बोळातल्या मंडळींना हे सांगितलं तर म्हणतील, सर, ते अमेरिकेत!

बरं, अमेरिका सोडू. आपला कायदा काय म्हणतो? निवृत्त झाल्यावर वेळ बराच असतो, तर मी कायदे मिळवून वाचले. इंग्रजी माझं बेताचं, शब्दकोश घेऊन बसलो.

१८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे. त्याच्या १०८ व्या कलमात आग, वादळ, पूर यांची नावं घेतलेली आहेत. पुराने जागेचा महत्त्वाचा भाग कायमचा निकामी झाला तर भाडेपट्टा रद्द समजायचा की नाही हे भाडेकरूने ठरवायचं. आणि घर सोडताना भाडेकरूने ते होतं तसं परत द्यायचं. पण नेहमीच्या वापराची झीज आणि ज्याच्यापुढे कुणाचं चालत नाही अशी शक्ती, यांनी झालेला बदल त्यातून वगळलेला. म्हणजे बघा, 'निसर्गाचा कोप' ही सवलत तिथे आहे, नाही असं नाही. पण ती भाडेकरूला दिली आहे. आमचे मालक लोक ती बिनदिक्कत स्वतःच्या नावावर वापरतात!

दुसरा आपला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याचं १४ वं कलम म्हणतं की उलट करार नसेल तर जागा चांगल्या आणि राहण्याजोग्या स्थितीत दुरुस्त ठेवायला मालक बांधलेला आहे. मालकाने दुर्लक्ष केलं तर भाडेकरूने नोटीस द्यायची, पंधरा दिवस थांबायचं, मग स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करायचा. शब्दाचा कीस काढणारे म्हणतील, गाळ काढणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, साफसफाई. मी म्हणतो, ज्या चौकातून संडासापर्यंत जाता येत नाही ती जागा राहण्याजोगी आहे का, एवढंच सांगा. शिवाय त्याच कायद्यात २९ वं कलम आहे. पाणी, वीज, जिन्यावरचा दिवा यांच्याबरोबर मैला-सफाईची सोयही तिथे अत्यावश्यक सेवा म्हणून धरली आहे, आणि ती मालकाने विनाकारण तोडायची नाही.

वाचून मला आधी वाटलं, चला, कायदा बाजूने आहे. मग कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला आणि हसू आलं. भाडेकरू किती रक्कम वळती करू शकतो याला मर्यादा आहे: त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. मागच्या कुटुंबाचं भाडं साठ रुपये. वर्षाचे सातशे वीस. चौथा हिस्सा एकशे ऐंशी. एकशे ऐंशी रुपयांत पंढरपुरात गाळ काढायला अर्धा दिवससुद्धा माणूस मिळत नाही. पुढच्या कुटुंबाचं भाडं साडेतीन हजार, वर्षाचे बेचाळीस हजार, चौथा हिस्सा साडेदहा हजार. त्यात चौकच काय, सगळा बोळ धुऊन निघेल. पण ते कलम भाडेकरूसाठी आहे, आणि पुढचं कुटुंब कायद्याच्या भाषेत भाडेकरू नाहीच! ते लायसन्सी. अकरा महिन्यांचा कागद आपण लिहून घेतो तो त्यासाठीच तर. म्हणजे ज्याला कलम लागू त्याला रक्कम पुरत नाही, आणि ज्याला रक्कम पुरेल त्याला कलम लागू नाही.

आणि पंधरा दिवसांची नोटीस! छप्पर गळत असेल तर ठीक आहे. गाळासाठी पंधरा दिवस? न्यूयॉर्क शहरात दिवसा बर्फ थांबला की चार तासांत फूटपाथ मोकळा करायचा असा नियम आहे. आमचा गाळ पंधरा दिवसांनी काढायला गेलात तर पाथरवट बोलवावा लागेल.

आता मालकांची बाजू. मी स्वतः मालक आहे, त्यामुळे ती मला ऐकवायची गरज नाही, पण तरी घेतो. साठ रुपये भाड्यात मालकाने काय काय करायचं? प्रश्न खोटा नाही. जुन्या वाड्यांचे किती मालक घरपट्टी भरताना हैराण होतात ते मी पाहतो. पण कायद्याने २००० पासून दरवर्षी चार टक्के वाढ घ्यायची मुभा दिली आहे. किती जणांनी घेतली? मी घेतली नाही. आळस, आणि दुसरं म्हणजे वाढ घेतली की पावती नीट द्यावी लागेल, वाद निघेल, त्यापेक्षा साठ रुपये घेऊन गप्प बसावं आणि 'एवढ्याशा भाड्यात' म्हणायचा हक्क राखून ठेवावा. (हा हक्क आम्हा मालकांना भाड्यापेक्षा प्रिय असतो.) घेतली असती तरी साठाचे आज एकशे साठच्या आसपास झाले असते, हेही खरं. त्याने मालक श्रीमंत होणार नाही. पण भाडं कमी म्हणून म्हातारीने गाळातून चालायचं, हा हिशेब कुठल्या वहीत बसतो? भाडं कमी असेल तर भाड्यासाठी भांडा. गाळ हा काही वसुलीचा मार्ग नव्हे.

मी निम्मं भाडं सोडलं होतं त्याचंही तेच. सोडलं तेव्हा 'त्याबदल्यात गाळ काढा' असं म्हटलं होतं का? नाही. मग दान दिल्यासारखं द्यायचं आणि नंतर मनातल्या मनात त्याचं बिल फाडायचं, याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

भाडेकरूंनाही दोन शब्द. खोलीच्या दाराच्या आतला गाळ तुमचा. त्यात मालकाला गोवू नका. आणि मालक वर बसून राहिला म्हणून आपणही फावडं खाली ठेवून हट्टाने बसायचं, हेही शहाणपण नव्हे. त्या चौकातून मालकाची आई जात नव्हती, तुमची जात होती.

नगरपरिषदेचं नाव घेतलंत? जरूर घ्या. रस्ता आणि सार्वजनिक गटार तिचं काम आहे, १९६५ च्या कायद्याने. पण तिचा टँकर बोळाच्या तोंडाशी थांबतो, दरवाजाच्या आत येत नाही, आणि यावा असंही नाही.

आता एक गोष्ट जी या सगळ्या वादात कुणी बोलतच नाही. मालक म्हणतो भाडेकरूने काढावा, भाडेकरू म्हणतो मालकाने काढावा, पण यातलं कुणीही स्वतः गाळात हात घालायचं म्हणत नसतं. दोघांनाही म्हणायचं असतं की माणूस कुणी बोलवायचा आणि पैसे कुणी द्यायचे. तो माणूस ठराविक वस्तीतून येतो. त्याच्याशी भाव केला जातो. त्याला प्यायला पाणी कुठल्या भांड्यातून दिलं जातं ते तुम्हाला माहीत आहे, मलाही. २००६ च्या पुरानंतर आमच्या संडासाची टाकी गाळाने भरली तेव्हा मी अशा एका माणसाला टाकीत उतरवलं होतं. मीच. तेव्हा मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होतो! तो वर आला, त्याने हात-पाय धुतले, मी दोनशे रुपये दिले आणि वर एक जुना शर्ट दिला. त्याला काही झालं नाही, हे माझं नशीब. टाकीतल्या वायूने माणसं मेल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. २०१३ च्या कायद्याने आता कुणालाही असं टाकीत उतरवणं गुन्हा आहे. तो कायदा मालक-भाडेकरू असा भेद करत नाही, बोलावणारा कोण एवढंच बघतो. मला विचाराल तर टाकी हा वादाचा विषयच नाही. ती घराच्या पायाइतकीच मालकाची, आणि यंत्राच्या गाडीनेच उपसायची. गाडी बोळात शिरत नसेल तर पाइप लांब आणायचा, पण माणूस उतरवायचा नाही.

२०२० च्या दिवाळीनंतर पुढच्या खोलीचा कागद नव्याने करायची वेळ आली. आपले छापील करार तुम्ही पाहिले असतील. 'सदर मिळकतीची किरकोळ दुरुस्ती व साफसफाई लिहून घेणार यांनी स्वखर्चाने करावयाची आहे.' वर्षानुवर्षं हेच वाक्य. मांडीभर पाणी उतरल्यावरचा गाळ यातल्या 'किरकोळ'मध्ये येतो की 'साफसफाई'मध्ये, हे त्या वाक्यालाही माहीत नाही. करार टाइप करणाऱ्याला मी म्हटलं, हे वाक्य काढ आणि मी सांगतो ते घाल. खोलीच्या आतला गाळ राहणाऱ्याने काढायचा. बोळ, चौक, संडास आणि टाकी मालकाने. पाणी उतरल्यापासून चोवीस तासांत मालकाने काम सुरू केलं नाही तर राहणाऱ्याने माणसं लावून करून घ्यायचं आणि सगळा खर्च पुढच्या महिन्याच्या भाड्यातून कापायचा, चौथा हिस्सा वगैरे मर्यादा नाही. मागच्या कुटुंबाचा तर कागदच नव्हता, १९७४ पासून सगळं तोंडी. त्यांच्याशीही हेच लिहून सह्या केल्या.

टाइप करणारा हसला. "सर, गाळाचं कलम कोण घालतं करारात? उद्या पाहुणे येतील त्याचंपण कलम घाला!" मी म्हटलं, तू लिही. लिहिलं त्याने. कराराची नोंदणी केली. कायद्याने ती मालकाचीच जबाबदारी आहे, ५५ वं कलम, आणि नोंदणी नसेल तर वादात राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, हेही आमच्यातल्या कितीतरी जणांना माहीत नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये उजनीतून पाणी सोडलं तेव्हा नदी पुन्हा चढली. आमच्या बोळाच्या तोंडाशी आली आणि थांबली. मी खराटा आणि दोन फावडी आधीच खाली चौकात नेऊन ठेवली होती. आजी बाजेवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "मास्तर, एवढी घाई कशाला, अजून पाणी कुठं आलंय?" मी काही बोललो नाही. त्यांना उत्तर द्यायला मला जमत नाही.

मागच्या महिन्यात आमच्याच बोळातले एक घरमालक तो कागद बघायला मागून घेऊन गेले. त्यांच्याकडे चार बिऱ्हाडं आहेत, सगळी खाली. दोन दिवसांनी कागद परत आणला. म्हणाले, सर, कल्पना चांगली आहे, मीही घालतो, फक्त एक बदल. पेन्सिलीने 'चोवीस तास' खोडून वर 'आठ दिवस' लिहिलं होतं. मी म्हटलं, आठ दिवसांनी सब्बल लागेल, ती कुणी आणायची तेही लिहून टाका. ते हसले आणि गेले. कागद माझ्याकडेच आहे. त्यांचा अकरा महिन्यांचा करार कार्तिकीनंतर संपतोय, तेव्हा मी पुन्हा जाणार आहे.